‘गप्प बस!’ : घरातल्या कुत्र्याच्या भुंकण्याचा इतिहास

आजचा विषय वाचून काही जणांना गंमत वाटली असेल. तत्त्वज्ञानाच्या माणसानं कुत्र्याच्या भुंकण्यावर काय बोलायचं? पण मंडळी, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये भांडणं कशावरून होतात ते आठवा. पाणी, पार्किंग, आणि तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं. पहिल्या दोन गोष्टींवर सभेत ठराव होतो. तिसऱ्या गोष्टीवरून बोलणं बंद होतं, आणि कधी कधी एक दिवस ते कुत्रं घरातून नाहीसं होतं. कुठे गेलं विचारलं तर ‘गावाला दिलं’ असं उत्तर येतं. त्या उत्तराच्या मागे काय असतं हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण पुढे विचारत नाही.

तर हा विषय वाटतो तितका हलका नाही. यात तीन पक्ष आहेत. झोप मोडलेला शेजारी, कानकोंडा झालेला मालक, आणि ज्याला आपण काय गुन्हा केला हेच कळत नाही असा तो प्राणी. शेजारी म्हणतो, ‘तुमचं कुत्रं अति भुंकतं.’ आज मला या ‘अति’ शब्दाचा इतिहास सांगायचा आहे. अति म्हणजे कशापेक्षा जास्त? किती भुंकलं म्हणजे पुरेसं, हे कोणी ठरवलं? आणि मुळात या प्राण्याला भुंकायला लावलं कोणी?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. कुत्रा हा लांडग्याचा वंशज. पण लांडगा भुंकतो का? भुंकतो, पण फार थोडं. प्रौढ लांडग्याच्या एकूण आवाजांत भुंकण्याचा वाटा अगदी किरकोळ असतो. तो हेल काढतो, गुरगुरतो, विव्हळतो. पिल्लं मात्र मोठ्यांपेक्षा जास्त भुंकतात. म्हणजे लांडग्याचं जे बालपणीचं वागणं, ते कुत्र्यानं आयुष्यभर जपलं आणि वाढवलं. असं का झालं? माणसाच्या सहवासात. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली एक जुनं दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एक कुत्रा. ते सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं आहे. शेती अजून सुरू व्हायची होती, गाय-बैल माणसाळायचे होते, तेव्हा कुत्रा माणसाबरोबर पुरला जात होता.

माणसाळवणं म्हणजे काय होतं, याचा एक प्रयोग सोव्हिएत काळात झाला. १९५९ साली दिमित्री बेल्यायेव यांनी सायबेरियात नोव्होसिबिर्स्क इथे कोल्ह्यांवर तो सुरू केला. पिढ्यान्‌पिढ्या फक्त एकच गुण पाहून निवड करायची, माणसाला न घाबरणं. काही पिढ्यांत ते कोल्हे शेपूट हलवायला लागले, माणूस दिसला की लक्ष वेधून घ्यायला कुंई कुंई करायला लागले. शेपटी किंवा आवाज पाहून कोणीच निवडलं नव्हतं. निवडला होता फक्त निर्भयपणा, आणि बाकीचं त्याच्याबरोबर आलं.

डार्विननंही या विषयाला हात घातला आहे. पाळीव प्राण्यांवरच्या १८६८ च्या ग्रंथात त्यानं हुआन फर्नांदेस बेटावरच्या कुत्र्यांची हकिगत नोंदवली आहे. हे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेचं बेट. अलेक्झांडर सेलकर्क नावाचा खलाशी जिथे एकटा राहिला आणि ज्यावरून रॉबिन्सन क्रूसोची कथा सुचली असं मानतात, ते हेच. तिथे सोडलेली कुत्री माणसाशिवाय रानटी झाली आणि ३३ वर्षांत भुंकणं विसरली, असं सांगितलं जातं. त्यातली काही कुत्री परत माणसांत आणल्यावर हळूहळू पुन्हा भुंकायला लागली. हकिगत ऐकीव आहे आणि डार्विनही ती तशीच देतो. पण तिच्यातला मुद्दा ध्यानात ठेवा. ऐकणारं कोणी असेल तर भुंकण्याला अर्थ आहे. भुंकणं ही माणसाशी केलेल्या सोयरिकीची भाषा आहे.

आता आपल्याकडे येऊ. घरातल्या कुत्र्याच्या भुंकण्याबद्दलचं इतकं जुनं साहित्य दुसरीकडे क्वचितच सापडेल. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात ५५ वं सूक्त आहे. ते वसिष्ठांच्या नावावर आहे. रात्रीची वेळ, घर, आणि दारातलं कुत्रं. सरमा ही देवांची कुत्री, तिच्या वंशातला म्हणून त्याला सारमेय म्हटलंय. त्याचे दात भाल्यासारखे चमकताहेत. आणि ऋषी त्याला काय सांगतो? तुला भुंकायचं तर चोरावर भुंक, दरोडेखोरावर भुंक. आम्ही तर इंद्राची स्तुती करणारे लोक, आमच्यावर कशाला भुंकतोस? झोप आता. मग पुढे तो सगळ्या घरालाच झोप म्हणतो. आई झोपो, बाप झोपो, कुत्रा झोपो, घरधनी झोपो.

या सूक्तावर पंडितांत मतभेद आहेत. कोणी याला अंगाई म्हणतात, तर कोणी रात्री लपत येणाऱ्याचा मंत्र. अर्थ काहीही लावा, तक्रार आजचीच आहे. बघा, ऋषी असं म्हणत नाही की भुंकणं वाईट. तो म्हणतो, तुझा नेम चुकलाय. चोर आणि सज्जन यांत फरक कर. किती भुंकतोस याच्याशी त्याचं भांडण नाही. कोणावर भुंकतोस, याच्याशी आहे.

रोमन लोक व्यवहारी. त्यांच्या शेतीच्या ग्रंथांत कुत्र्यावर सल्ले आहेत. कॅटो म्हणतो, कुत्री दिवसा कोंडून ठेवावीत, म्हणजे रात्री ती अधिक तिखट आणि जागी राहतात. पहिल्या शतकातला कोलुमेला सांगतो, राखणीचा कुत्रा अंगानं मोठा, आवाजानं भारदस्त असावा. पण तो पुढे म्हणतो, तो उतावळा नसावा. खोट्या संशयानं उगाच गलका करणाऱ्यापेक्षा खात्री करून सांगणारा कुत्रा बरा. म्हणजे ‘अति’ची व्याख्या इथेही तीच. कारणाशिवायचं भुंकणं.

पण रोमची दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. गॉल लोकांनी रोमवर हल्ला केला, परंपरेनं इसवी सनपूर्व ३९० हे साल सांगतात. रात्री शत्रू कॅपिटोल टेकडीवर चढले, तेव्हा कुत्री गप्प राहिली आणि हंसांनी कलकलाट करून पहारेकऱ्यांना जागं केलं. पुढे दर वर्षी त्या घटनेच्या स्मरणार्थ हंसांचा मान आणि कुत्र्यांना शिक्षा असा विधी होत असे. कुत्री चक्क सुळावर चढवून मिरवत. आणि त्याच रोममध्ये सिसेरो एका खटल्याच्या भाषणात कॅपिटोलवरच्या कुत्र्यांचा दाखला देतो. रात्री ती संशयानं भुंकली तर चालतं, पण दिवसाढवळ्या दर्शनाला येणाऱ्यांवर भुंकायला लागली तर त्यांचे पाय मोडले जातील, असा त्याचा आशय. नाही भुंकलास तर सूळ, भलत्या वेळी भुंकलास तर पाय मोडू. मंडळी, यात कुत्र्यानं काय करावं? नोकरी आपण दिली, नियम मात्र त्याला न सांगता बदलत गेलो.

महाराष्ट्रात तर भुंकण्याला देवाच्या दारातही जागा मिळाली. खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतो. त्याचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे समजत. कोटंब्यातलं अन्न कुत्र्यासारखं खाणं, देवापुढे भुंकणं असे विधी त्यांच्या परंपरेत होते आणि अभ्यासकांनी त्यांची नोंद केली आहे. धनगर-मेंढपाळांच्या देवाच्या पायाशी ही भूमिका यावी यात नवल नाही. ज्याचं धन रानात मोकळं चरतं, त्याला रात्री भुंकणाऱ्याचं मोल कळतं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, ते चार वेद असं आपण लहानपणापासून ऐकलं आहे.

आणि आपली भाषा पाहा. कुत्रं भुंकतं, गुरगुरतं, केकाटतं, विव्हळतं, हेल काढून रडतं, वसकन अंगावर येतं. इतके वेगळे शब्द कोणी घडवले? ज्यांना अंधारात, न बघता, नुसत्या आवाजावरून काय चाललंय ते ओळखायचं होतं, त्यांनी. वस्तीवरची म्हातारी अंथरुणातूनच सांगायची, ‘कोल्हं आलंय’, किंवा ‘कोणी माणूस आहे, उठा’. आज आपल्याकडे एकच शब्द उरलाय, ‘भुंकतंय’. शब्द कमी झाले तसं ऐकणंही कमी झालं.

मग बिघडलं कुठे? घर बदललं. शेतातली वस्ती, किंवा शहरातला वाडा, यांत कुत्रं उंबऱ्याबाहेर असायचं. अंगण, ओटा, दिंडी दरवाजा ही त्याची हद्द. येणारा माणूस दिवसाला दोन-चार. शहर दाटलं तसा आधी रस्त्यावरच्या कुत्र्याचा प्रश्न आला. मुंबईत १८३२ च्या जूनमध्ये दंगल झाली, ती कुत्र्यांवरून. बेवारशी कुत्री मारण्याची मोहीम सरकारनं चालवली होती, मारणाऱ्यांना बक्षीस मिळे. पारशी समाजाच्या पवित्र दिवशी त्यांच्या घरांजवळ कुत्री मारली गेली आणि लोक रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, इतर समाजांतले लोकही सामील झाले, कुलाब्याच्या छावणीचं अन्नपाणी अडलं. पारशांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथात कुत्र्यासाठी मोठा भाग आहे. मेंढरांची राखण करणारा आणि घराची राखण करणारा कुत्रा नसेल तर वस्ती उभीच राहायची नाही, असा त्याचा भाव आहे. सरकारच्या लेखी तोच प्राणी उपद्रव होता. एकाच कुत्र्याकडे दोन नजरा. हा झगडा तेव्हा रस्त्यावर होता, आता तो जिन्यात आला आहे.

आमच्या तत्त्वज्ञ लोकांचं आवाजाशी कधी जमलं नाही. कांटला शेजारच्या कोंबड्याचा इतका त्रास झाला की त्यानं तो विकत मागितला. मालक देईना, तेव्हा कांटनं घर बदललं. शोपेनहॉवर तर गोंगाटावर निबंध लिहून गेला. एका ठिकाणी तो म्हणतो की ज्या घराच्या अंगणात कुत्री तासन्‌तास भुंकत राहतात आणि कोणी थांबवत नाही, तिथल्या माणसांच्या बुद्धीबद्दल काय समजायचं ते मी समजतो. पण हाच शोपेनहॉवर आयुष्यभर पूडल जातीची कुत्री पाळत होता, आणि उपनिषदांच्या प्रेमापोटी त्यानं कुत्र्याचं नाव ठेवलं होतं ‘आत्मा’! आणि कुत्र्याला साखळीनं बांधून ठेवणाऱ्यांवर त्याचा भयंकर राग होता. दिवसभर बांधून ठेवलेल्या कुत्र्यानं मालकाचा हात फाडला, तर त्यात कुत्र्याचं काही चुकलं असं त्याला वाटत नव्हतं. या दोन गोष्टी विसंगत नाहीत. ज्याला कुत्र्याचं मन कळतं, त्यालाच त्या भुंकण्यातली उपेक्षा ऐकू येते. तो दोष देतो तो घरातल्या माणसांना.

त्याच्या उलट टोकाला देकार्तची परंपरा. प्राणी म्हणजे यंत्र, आणि ओरडणं म्हणजे चाकाचा कुरकुर आवाज. हे मत आज कोणी मान्य करणार नाही, पण वागताना आपण तेच करतो. आवाज येतोय ना, मग बटण शोधा आणि बंद करा. गळ्यात विजेचा झटका देणारा पट्टा घाला. वेल्सनं २०१० साली अशा पट्ट्यांवर बंदी आणली. काही देशांत कुत्र्याच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करून आवाजच काढून टाकत. १९८७ च्या युरोपीय करारानं पाळीव प्राण्यांवरची ही शस्त्रक्रिया निषिद्ध ठरवली, शेपूट छाटणं, कान कापणं यांच्याबरोबरच. आवाज गेला म्हणून भीती जात नाही हो. ती फक्त आपल्याला ऐकू येत नाही.

तर मग करायचं काय? इथेही इतिहासच मदत करतो. डार्विननं १८७१ च्या ग्रंथात लिहिलं की पाळीव कुत्रा किमान चार-पाच वेगळ्या सुरांत भुंकायला शिकला आहे. शिकारीची उत्सुकता, राग, कोंडल्यावरचं केविलवाणं ओरडणं, फिरायला निघताना होणारा आनंद, दार उघडा अशी मागणी. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००५ मध्ये हे तपासलं. वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलेलं भुंकणं लोकांना ऐकवलं आणि विचारलं, इथे काय चाललं असेल? लोकांचे अंदाज नशिबानं येतील त्यापेक्षा बरेच चांगले आले. आणि ज्यांनी कधी कुत्रं पाळलं नव्हतं त्यांनाही जवळजवळ तेवढंच कळत होतं. म्हणजे वस्तीवरच्या म्हातारीचा कान आपल्यात अजून आहे. वापरायचा आपण सोडलाय.

म्हणून पहिली पायरी, ऐका. आठवडाभर वहीत लिहा. किती वाजता, कशावर, किती वेळ, घरात कोण होतं. बहुतेक घरांत चार-पाच कारणांच्या पलीकडे यादी जात नाही.

दारावरची बेल हे पहिलं कारण. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९८ मध्ये मांजरं आणि कुत्री पेटीत ठेवून दाखवलं की ज्या कृतीनं हवं ते मिळतं, ती कृती प्राणी पुन्हा करतो. आता तुमच्या घरी पार्सलवाला येतो. कुत्रं भुंकतं. पार्सलवाला दोन मिनिटांत निघून जातो. तो जाणारच होता. पण कुत्र्याच्या हिशेबात काय नोंद झाली? मी भुंकलो आणि शत्रू पळाला! वाड्यात हा विजय आठवड्यातून दोनदा व्हायचा. आता दूधवाला, पेपरवाला, कुरिअर, किराणा, जेवण असा दिवसातून दहा वेळा होतो. आपण त्याला रोज दहा पदकं देतो आणि मग म्हणतो, फार भुंकतो.

त्यावर आपण ओरडतो, ‘गप्प बस!’ न शिकवलेले शब्द कुत्र्याला कळत नाहीत, सूर कळतो. त्याला वाटतं, चला, धनीही भुंकायला लागले, प्रकरण गंभीर दिसतंय. म्हणून ओरडू नका. बेल वाजली की चटईवर जाऊन बसायचं, हे कोणी आलेलं नसताना शिकवा. घरातल्याच कोणी बाहेर जाऊन बेल वाजवावी, कुत्रं चटईवर गेलं की लगेच खाऊ. शांततेला मोल मिळायला लागलं की शांतता वाढते. खिडकीतून रस्ता दिसत असेल तर खालच्या काचेला कागद लावा. पन्नास रुपयांचा उपाय, पण निम्मे ‘शत्रू’ कमी होतात.

दुसरं कारण मागणी. ताटाजवळ बसून भुंकणं. इथे एकदा दिलेला तुकडा महिनाभर भुंकायला लावतो. देणं बंद केलं की आधी भुंकणं वाढेल, मग ओसरेल. नेमक्या त्या वाढलेल्या दिवशी आजोबांचा जीव पाघळतो आणि सगळं मुसळ केरात जातं. घरातल्या सगळ्यांचं एकमत नसेल तर हा उपाय सुरूच करू नका.

तिसरं कारण कंटाळा, आणि चौथं एकटेपणा. ही दोन वेगळी आहेत. कंटाळलेल्याला फिरायला न्या, हुंगू द्या. नाक हे त्याचं वर्तमानपत्र आहे, ते ओढत ओढत दहा मिनिटांत संपवू नका. एकटेपणाला घाबरणाऱ्याला मात्र शिक्षा करून काहीच उपयोग नाही. त्याला एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं असं थोडं थोडं एकटं राहायला शिकवावं लागतं. यात आठवडे जातात. आणि म्हातारं कुत्रं एकाएकी रात्री भुंकायला लागलं तर आधी पशुवैद्याकडे न्या. दुखणं असेल, ऐकू येत नसेल, किंवा माणसासारखंच त्याचंही भान हरवत चाललं असेल.

कायद्याचंही सांगतो, कारण सभेत दोन्ही बाजू तो अर्धाच सांगतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानंही कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, आणि भुंकणं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही. पण त्याच सूचना मालकालाही बजावतात की सततच्या भुंकण्यानं शेजाऱ्याला त्रास होतो, तेव्हा विशेषतः रात्री ते शांत राहील यासाठी सर्व प्रयत्न करा. आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं ११ वं कलम सांगतं की कुत्र्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीत अवाजवी काळ ठेवणं, आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं, ही क्रूरता आहे. म्हणजे गॅलरीत दिवसभर बांधलेलं, केकाटणारं कुत्रं ही शेजाऱ्याची तक्रार आहेच, पण त्याआधी ती त्या कुत्र्याची तक्रार आहे.

शेवटी प्लेटो. ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात तो म्हणतो की कुत्रा हा खरा तत्त्वज्ञ आहे. कारण तो अनोळखी माणसावर चिडतो, जरी त्यानं काही वाईट केलेलं नसलं तरी, आणि ओळखीच्याचं स्वागत करतो, जरी त्यानं काही भलं केलेलं नसलं तरी. म्हणजे ज्ञान आणि अज्ञान हाच त्याचा निकष. प्लेटो हे थोडं हसत म्हणतो. पण त्याच्या या विनोदातून आपल्या प्रश्नाचं उत्तर निघतं. जे ओळखीचं झालं त्यावर कुत्रं भुंकत नाही. म्हणून लिफ्टचा आवाज, शेजारच्या काकू, पार्सलवाला यांची ओळख करून देणं हे मालकाचं काम. आणि तक्रार घेऊन येण्याआधी एकदा दार वाजवून त्या कुत्र्याला आपला हात हुंगू देणं, हे शेजाऱ्याला जमण्यासारखं आहे. ज्या काकूंचा वास त्याला माहीत झाला, त्यांच्या पावलांवर ते भुंकायचं थांबतं. आणि ज्या कुत्र्याचं नाव काकूंना माहीत झालं, त्याच्या चार भुंकण्यांना त्याही ‘अति’ म्हणत नाहीत.

‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच’ अशी म्हण आपण वापरतो. शेपटाचं असेल तसं. भुंकणं मात्र आपणच घडवलेलं आहे, हजारो वर्षं लावून. ज्यानं घडवलं त्यानं धीर धरून ते वळवावं, एवढंच. प्रश्न असतील तर विचारा.